लोणंदच्या माडीवरचं मशीन

८ फेब्रुवारी १९९९, लोणंद

पोचले बाई एकदाची! सांगलीहून पॅसेंजरनं येताना पाठीचा पार भुगा झाला. स्टेशनावर आबा, म्हणजे लालासाहेब, स्वतः न्यायला आले होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, आता ऊस आणि कांदा करतो. त्यांच्या लेकानं, शंभूराजनं, इथल्या बाजारातले कांद्याचे भाव दाखवणारी वेबसाइट करायला घेतली होती. दिवाळीत तो फलटण रस्त्यावर अपघातात गेला. कॉलेजात त्याच्या वर्गात होते, म्हणून त्याचं अर्धं काम मी पुरं करायचं आहे.

मला वाटलं होतं, बौद्धाच्या पोरीला कप वेगळा येणार. शंभूच्या आईनं, मनुबाईमावशींनी, त्याच्याच ताटात वाढलं. आईची आठवण आली.

१० फेब्रुवारी

शंभूचं मशीन बिघडलेलं, म्हणून आबांनी नवं आणलंय. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं, सर्व्हर बसवला, शंभूच्या फ्लॉप्या उतरवून घेतल्या. एक फ्लॉपी रुसली होती, तिची मनधरणी करावी लागली. फोनची तार जोडलेलीच नाही. सगळी साइट याच मशीनच्या पोटात चालते, तेच मागतं आणि तेच देतं. कोणी पान मागितलं की सर्व्हर एक ओळ लिहितो: कुठलं पान, मिळालं की नाही. मागणारी अर्थात मी एकटीच. आता फक्त पहिलं पान राहिलंय. आबांनी विचारलं तेव्हा ऐटीत सांगितलं, दोन दिवसांत करते. मावशींच्या हातून परात पडली.

१३ फेब्रुवारी

कुठले दोन दिवस! संध्याकाळी केलेलं सकाळी मोडलेलं असतं. कोणीतरी मशीन नीट बंद न करता सरळ वायर उपसतं, त्यात फाइली खराब होतात.

दुपारी हात मांडीवर ठेवून विचार करत बसले होते. पडद्यावर आपोआप एक ओळ उमटली. पहिलं पान मागितलं. सापडलं नाही. मशीनवरचा लाल दिवा लुकलुकला. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण दिव्याकडं बघून म्हणाल्या, आला बग. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

१५ फेब्रुवारी

वायर उपसताना मावशींनाच धरलं. त्या ढसाढसा रडायला लागल्या. मग सगळं सांगितलं. दहाव्याला नीरेकाठी पिंडाला कावळा शिवेना. दुपार कलली तरी शिवेना. शेवटी आबांनी हात जोडून शब्द दिला, तुजं काम पुरं करतो रं, जा तू. तवा कुठं शिवला.

आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. एरवी मी चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण मावशींचं म्हणणं एवढंच, काम पुरं झालं की त्यो जातोय गं कायमचा. ऱ्हाऊ दे की अर्धं.

मी कबूल झाले. आबांना थाप मारली, पुण्याहून पार्ट यायचाय. ते बरं म्हणाले आणि रानात गेले. फार वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी

ओळी थांबत नाहीत. पहिलं पान. सापडलं नाही. पहिलं पान. सापडलं नाही. मी स्वतः वायर काढली. दिवा तरीही जळतोय—

मावशी पदरानं मशीन पुसतात. बस रं राजा, लय दमलास, म्हणतात. पोर आपल्याच दाराशी येतं आणि मी त्याला परतवून लावते. हे माझ्यानं बघवत नाही.

१९ फेब्रुवारी

मशीनला हात लावला तर चटका बसतो. तापानं फणफणलेल्या पोरासारखं. मावशींनी अन्न सोडलंय. मी पाय धरून म्हटलं, सोडा त्याला. मावशी मशीन पुसत राहिल्या. खोलीभर नुसती मशीनची घरघर—

२० फेब्रुवारी

चार वाजता मावशी आपण होऊन आल्या. नवं लुगडं, ठसठशीत कुंकू. म्हणाल्या, पुरं कर. लेकराचं हाल न्हाई बगवत.

केलं. शेवटची कळ त्यांच्याच बोटानं दाबली. पान उघडलं. कांद्याचे भाव, वर शंभूनं लिहिलेलं नमस्कार मंडळी. खाली ओळ आली. पहिलं पान. मिळालं.

दिवा विझला. मावशी हसल्या. म्हणाल्या, येशीपतूर घालवून येते, एकलं कसं जाईल त्ये. डोळे मिटले. मला वाटलं, दमल्यात—

आणखी एक ओळ. पहिलं पान. मिळालं. मी काही दाबलं नव्हतं.

हात गार आहे त्यांचा. हलवलं. परत हलवलं—

आबा जिन्यात आहेत. विचारताहेत, पोरी, झालं का गं शंभूचं काम? किती दिवसांनी आवाज मोकळा लागलाय त्यांचा. वर येताहेत. झालं म्हणू? झालं म्हटलं तर—