दत्तारामकाकांचं पान

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
गुरुवार

प्रिय संजना,

पत्र बघून हसशील. रिक्षानं वीस मिनिटांवर राहते आणि ही बाई टपाल पाठवते! पण व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, तर तू वाचायच्या आत मीच पुसून टाकलं असतं. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही, म्हणून कागद.

दत्तारामकाका कसे आहेत? मोरव्यातलं ऑफिस महिनाअखेरीला बंद होणार म्हणालीस. चाळीस वर्षांची वकिली, पाटी उतरल्यावर मागे काय राहणार, म्हणून तू इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात 'दत्ताराम अँड असोसिएट्स'चं पान लिहिलंस, आणि आठवड्याभरात 'पान ठेवावे की काढावे' ही चर्चा सुरू झाली. रविवारी आमच्याकडे येऊन तू 'दर्यावर्दी' नावाच्या कुणा संपादकाचं मत वाचून दाखवलंस: स्थानिक फर्म, एकही स्वतंत्र संदर्भ नाही, जाहिरात वाटते, काढावे. वाचता वाचता तू रडलीस. म्हणालीस, ज्यांनी पालीच्या कोळणींकडून कधी फी घेतली नाही, त्यांची म्हणे जाहिरात! मी चहा ओतत म्हटलं, असतात गं असे लोक. आतल्या खोलीत बाबा टीव्ही बघत होते.

संदर्भ आहे, संजना. १९९८ सालच्या एका पेपरच्या ठाणे पुरवणीचं अख्खं पान. आमच्या पाली गावची बोंबील सुकवायची जागा बिल्डरच्या घशात गेली होती, ती काकांनी कोर्टात भांडून परत आणली. तिथली शेवंतीमावशी आजही सांगते, "त्यो व्हता म्हणून जागा हाय, न्हायतर आमी कुठं गेलो असतो?" पण गावानं जागा द्यायचा ठराव केलाय, असा खोटा कागद बिल्डरला कुणी करून दिला, ते ती तुझ्यासमोर बोलणार नाही. पेपरात नाव छापलंय. काशीनाथ, मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी. माझे बाबा. त्यानंतर आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून मीरा रोड. कॉलेजात तुला मी बाबांची बदली झाली असं सांगितलं होतं. काकांनी मला पहिल्या भेटीतच ओळखलं असणार. जेवायला बसवलं, आग्रहानं वाढलं, पण बाबांचा विषय कधी काढला नाही.

ते कात्रण बाबांनीच जपलंय, रेशनकार्डाच्या फाईलमध्ये. काल मी त्याचा फोटो काढायला बसले आणि त्यांच्या नावावर अंगठा ठेवला. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझा हात बाजूला केला. मला त्यांच्याकडे बघवेना.

फोटो चर्चेत टाकलाय. निर्णय मनाली नावाच्या जुन्या संपादक देतील, पान बहुतेक राहील. तुला मात्र दिसेल की कात्रण दर्यावर्दीनंच आणलंय आणि आपलं मतही बदललंय. तुझा स्वभाव मला माहीत आहे. माणूस वाईट नव्हता म्हणत तू त्याचे आभार मानायला बसशील. मानू नकोस. तो मी आहे. बारा वर्षं त्या नावानं लिहितेय. 'एकही संदर्भ नाही' लिहिलं, तेव्हा ती फाईल आमच्याच कपाटात होती. काकांचं पान गेलं की बाबांचं नाव कुणी शोधणार नाही, एवढंच मी बघितलं. मग तू माझंच वाक्य मला वाचून दाखवलंस, रडलीस, आणि मी तुला विचारलं, साखर किती घालू. त्याची मला फार लाज वाटते गं. हे काकांना मी स्वतः येऊन सांगेन, तू घरात येऊ दिलंस तर.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
अंबिका