हर्षदीप गुरुजींना गाडीवर न बसवण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार तथा दंडाधिकारी साहेब,
मंडल कार्यालय, खडकधरा,
जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा.

अर्जदार : बाबाराव सोमाजी मुनेश्वर, सेवानिवृत्त कारकून, राहणार मौजे उमरधरा.

विषय : पुतण्या हर्षदीप हा रस्त्याने पायी जात असता त्यास कोणीही वाहनावर बसवून घेऊ नये, असा हुकूम होण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील मागील अर्ज व त्यावर आपल्या कार्यालयाने दाखवलेली दया.

महोदय,

उपरोक्त विषयी साहेबांच्या सेवेशी सादर करण्यात येते की :

१. अर्जदाराचा पुतण्या हर्षदीप हा गावच्या शाळेवर शिक्षक आहे. त्याचे जन्माचे हृदय फुगून निकामी झाल्याने हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यास दुसऱ्याचे हृदय बसवण्यात आले. ते कोणाचे, हे दवाखाना सांगत नाही व तसा कायदाच आहे. तथापि ते एका नामी पहिलवानाचे होते असे पंचक्रोशीत बोलले जाते. ही बातमी प्रथम कोणाच्या ओट्यावरून निघाली, याची चौकशी प्रस्तुत अर्जाचा भाग नाही.

२. डॉक्टरांनी असे समजावले की, बसवलेले हृदय चांगले असले तरी त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून हळूहळू बुजत जातात. साध्या माणसाच्या छातीत कळ येते, म्हणून त्याला कळते. हर्षदीपच्या नव्या हृदयाच्या, मेंदूशी खबरबात ठेवणाऱ्या नसा काढतेवेळीच तुटल्या असल्याने त्यास कळ येण्याचा भरवसा नाही. नळ्या गुपचूप बुजतात. यावर गोळ्यांच्या जोडीने एकच उपाय सांगण्यात आला, तो म्हणजे नेमाने दम लागेपर्यंतचा व्यायाम : काही वेळ जोरात, मग थोडे हळू, पुन्हा जोरात. त्याने नळ्या नरम राहतात व बुजण्याचा वेग मंदावू शकतो. हर्षदीपने यासाठी शाळेपर्यंतचा रस्ता निवडला.

३. येथून तक्रारीस सुरुवात होते. आपल्या भागात ओळखीचा माणूस पायी दिसला आणि गाडी थांबवली नाही, तर त्या गाडीवाल्याच्या घरी सोयरीक जमत नाही. त्यातून हर्षदीप म्हणजे मरून परत आलेला माणूस. दूधवाला चंपत गाडी आडवी लावतो व म्हणतो, ‘गुरुजी, काऊन पायी चाल्ले? आमी मेलो काय? बसा मांगं.’ हर्षदीप कारण सांगू लागला की चंपत समजूत घालतो, ‘दुसऱ्याची वस्तू हाय गुरुजी, जपून वापरा.’ नाही म्हणावे तर चंपतची मान खाली जाते. हर्षदीपला ते पाहवत नाही. तो बसतो.

४. साहेबांनी एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. नसा तुटल्यामुळे या हृदयाला पाय पळत असल्याची खबर उशिरा मिळते. तार बंद आणि टपाल रक्तातून येते, असा प्रकार आहे. म्हणून ते उशिरा दौडू लागते, आणि एकदा दौडू लागले की पाय थांबले तरी बराच वेळ थांबत नाही. सबब, ते नुकते कोठे दौडू लागते तोच चंपत येतो. हर्षदीप मागे बसतो आणि त्याचे हृदय चंपतच्या पाठीवर धडधडत राहते. चंपत घरोघर दुधाबरोबर हेही पोचवतो : ‘बसल्या बसल्या त्याईचं काळीज माह्या पाठीत उड्या मारून राह्यलं होतं, अन् म्हनतात पायी जातो!’ एवढा पुरावा ऐकल्यावर गाव पेटले. आता गुरुजींना उचलणे हे पुण्यकर्म झाले असून त्यासाठी वळणावर आधीच दोन-तीन गाड्या उभ्या असतात.

५. उपाय म्हणून हर्षदीपच्या पाठीवर पाटी बांधून पाहिली : ‘मी मुद्दाम पायी चाललो आहे. कृपया थांबू नये.’ ती वाचण्यासाठी लोक थांबू लागले. ट्रकवाल्यांसाठी तेलुगू व उर्दूतही मजकूर घातला, तेव्हा अक्षर बारीक झाले आणि लोक अधिक वेळ थांबू लागले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी विचारले की पाटी हरवल्याची आहे की सापडल्याची.

६. मग रस्ता सोडून तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेतांच्या कडेने पळू लागला. सीमेपलीकडून वाघ येतो हे साहेबांना ठाऊक आहे. गुरुजींना पळताना पाहून शेतात काम करणारा दौलत कुऱ्हाड घेऊन धावला, त्याच्यामागे अर्धे गाव धावले, व सर्वांनी मिळून गुरुजींना खाटेवर घालून घरी आणले. वनखात्याने तेथे कॅमेरा बसवला आहे. त्यात आजवर एकट्या हर्षदीपचेच फोटो आले आहेत.

७. अंगणात पळावे, तर त्याची आई भागीरथाबाई दारातच ठाण मांडते. ‘एकडाव तुले मेलेला समजून रडले मी. आता माह्यासमोर धापा टाकू नोको,’ एवढेच म्हणते. यावर पाटी लिहिता येत नाही.

८. या परिस्थितीत मागील अर्ज केला होता. आपल्या कार्यालयाने तो सहानुभूतीने वाचून हर्षदीपला बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी मंजूर केली व ती हारतुऱ्यांसह घरपोच आणून दिली. गाडी उत्तम आहे. तीत सध्या कोंबड्या अंडी घालतात.

९. अलीकडे झालेल्या तपासणीत नळ्या मागच्यापेक्षा अधिक बुजलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी विचारले, ‘व्यायाम चालू आहे ना?’ हर्षदीपने मान डोलावली. गावाची बदनामी त्यास करवली नाही. पुन्हा दुसरे हृदय मिळेल या आशेवर राहू नका, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. परतताना तो बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. अर्जदाराने त्यास वाटेत पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यातील एकही चालली नाही.

१०. आणि आता मुख्य मुद्दा. त्या दिवसापासून हर्षदीप स्वतःच रस्त्याच्या कडेला उभा राहून गाड्यांना हात दाखवू लागला आहे. कारण विचारता म्हणाला, ‘काका, लोकायले नाई म्हनन्यातच दम जाऊन राह्यला. जाऊ द्या आता.’ गाव खूश आहे. गुरुजींना अक्कल आली, असे चंपत सांगत फिरतो. हर्षदीप मागे बसून सगळ्यांना हसून हात करतो. आजकाल त्याचे हृदय कोणाच्याही पाठीला लागत नाही.

सबब विनंती की, मौजे उमरधरा ते शाळा या रस्त्यावर हर्षदीपला वाहनावर घेण्यास दंडाधिकारी या नात्याने मनाई करावी, व तशी दवंडी पिटवावी. हा हुकूम कोणी पाळील असे अर्जदारास वाटत नाही. परंतु लोकांना निदान चोरून दया करावी लागेल, व चोरून करण्यास जो उशीर होतो तेवढे त्याचे चालणे होईल.

तसेच सदर मनाई खुद्द हर्षदीपच्या विरुद्धही लागू करावी. त्याने हात दाखवला, नावाने हाक मारली, काकाची शपथ घातली, तरी कोणी गाडी थांबवू नये. तो मागून पळत आल्यास गाडीचा वेग किंचित कमी ठेवावा, म्हणजे गाडी सापडेल अशी त्यास आशा राहील. परंतु सापडू देऊ नये.

साहेबांच्या सहीची वाट पाहणारा,

बाबाराव सोमाजी मुनेश्वर
मौजे उमरधरा
दिनांक : ९ डिसेंबर २०२४

सोबत : दवाखान्याच्या दोन्ही तपासण्यांच्या प्रती.