सईच्या गळ्यातला कागद

७ मार्च २००६, मंगळवार. अर्विंग

आमच्या लेकीचा, सईचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरलेला नाही, आणि मी चिडलोय तो स्वतःवरच. संध्याकाळी शेजारची अमेरिकन लिंडा सूप घेऊन आली. तिला जुन्या जादूच्या पुस्तकांचा नाद आहे. सोबत हाताने लिहिलेला कागद. वर इंग्रजीत ॲब्राकडॅब्रा, मग प्रत्येक ओळीत एक अक्षर कमी, शेवटी नुसतं ए. शब्द झिजतो तसा ताप झिजतो म्हणे. गळ्यात बांधायचा. मी थँक्यू म्हणालो आणि तिच्यासमोर बांधलाही. का? नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

आई सोफ्यावर बसून बघत होती. रविवारी तिने याच गळ्यात बांधलेला काळा दोरा मी कात्रीने कापला होता. वर अर्धा तास लेक्चर दिलं होतं.

लिंडा गेल्यावर आईने विचारलं, "याने ताप जातो?"

"नाही गं. तिची श्रद्धा आहे."

"आणि माझी?"

उठलो, तीच कात्री आणली. निदान आता तरी सारखा न्याय.

आई म्हणाली, "राहू दे. उद्या ती सईला बघायला येईल. तिला वाईट वाटेल."