पाच पावलं गवत

३ एप्रिल
करार झाला म्हणे! या हंगामापासून परदेशी सफरचंदं बिनकराची येणार. सभेत पॅकिंग हाऊसचा मॅनेजर म्हणाला, "घाबरू नका. ज्याच्याकडे पर्यावरणाचं सर्टिफिकेट, त्याचा माल आम्ही घेणारच." मी उभी राहिले. विचारलं, बाहेरच्या सफरचंदांनाही हेच नियम का? तो पाणी प्यायला. सगळे हसले, मीसुद्धा. घरी येईपर्यंत हसू पार आटलं.

९ एप्रिल
सर्टिफिकेटसाठी आमच्या सफरचंदाच्या बागेची तपासणी १९ला. औषधांच्या खोलीला कुलूप — झालं. फवारणीची वही — झाली. ओढ्याकाठी पाच पावलांचा गवताचा पट्टा, मधमाश्यांसाठी वर्षभर न कापलेला — तोही आहे, चांगला कमरेएवढा! सासरेबुवांना तो बघवत नाही. "लोक म्हणतील, या घरात हातपाय हलवणारं कोणी उरलंच नाही." मी म्हटलं, "राहू द्या हो बाबा, नियम आहे." कसला नियम, ते सांगत बसले नाही. कोण डोकं लावणार!

१८ एप्रिल
उद्या. फाईल दोनदा तपासून ठेवली. जेवताना नवरा म्हणाला, "सर्टिफिकेट नाही मिळालं तर बाग विकायचीच." सासरेबुवांनी हातातला घास खाली ठेवला.

१९ एप्रिल
मेले!

सकाळी दार उघडते तर समोर सासरेबुवा. हातात विळा, घामाघूम, आणि खूश! "पाहुणे येणार ना? जा, बघ, आरशासारखं केलंय." पट्टा साफ. वर्षभर जपलेला! मी ओरडले. फार ओरडले. त्यांना काही कळेचना. चूक माझीच. फायलीत मधमाश्यांवर पानंच्या पानं लिहिली आणि घरातल्या माणसाला एक वाक्य सांगायचा कंटाळा केला.

तपासणीवाल्या बाई तरुण, गमबुटात. कापलेल्या गवताकडे बघून त्यांनी वहीत फुली मारली. मग पुढे गेल्या आणि थांबल्या. मध्ये तीन-चार ठिकाणी गवताचे गोल तसेच उभे. "हे का सोडले?"

सासरेबुवांचा आवाज चढला. "पाखरांची अंडी आहेत तिथे, बाई! अंड्यांवरून विळा फिरवू?"

बाई उकिडव्या बसल्या. खूप वेळ लिहीत होत्या. मला रडू आवरेना.

२ मे
पास! पास!! अहवालात लिहिलंय, "मुळं शाबूत. घरटी राखलेली. पट्टा पुन्हा वाढू द्यावा." सासरेबुवांना या वेळी सगळं समजावून सांगितलं, अगदी मधमाशीपासून. म्हणाले, "एवढंच ना? मग आधी सांगायचंस की गं!"

६ मे
पॅकिंग हाऊसचा फोन. यंदा आपला माल नको, बाहेरचा स्वस्त पडतो. सर्टिफिकेट मिळालंय म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला, "अभिनंदन!"

नवरा बागेला गिऱ्हाईक बघायला गेला. सासरेबुवा विळा घेऊन ओढ्याकडे निघाले. मी अडवलं नाही; आता पट्टा कोणासाठी राखायचा! थोड्या वेळाने गवत न कापताच परत आले. "पिल्लं उडायची आहेत अजून," म्हणाले.