डब्यांखालचं 'पडणे'

ती. केरबाभाऊ यांस,

कोल्हापुराहून धाकट्या साडूचा, अण्णासोचा, सप्रेम जय भीम. गगनबावड्याच्या पावसानं तुमचा गुडघा पुन्हा धरला असं कळलं. शेकताना विटेवर फडकं दुहेरी घ्या (मागं नुसतीच वीट लावलीत, डाग अजून असेल). इकडं सर्व ठीक. म्हणजे ठीक नाही, म्हणून तर हे पत्र. फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच 'बरं बरं' म्हणून ठेवता, आणि ही हकीगत मधून तोडण्यासारखी नाही.

आमच्या संघप्रियासाठी तुम्ही जमवलेल्या स्थळाचं घर बघायला आम्ही परवा पेठ वडगावला गेलतो. मुलगा प्रसेनजीत पोरीला पसंत, मलाही. चहा झाल्यावर त्याची आजी तानूबाई घर दाखवू लागल्या. अशा वेळी मुलीच्या बापानं नळाला पाणी कधी येतं, न्हाणी कुठं, एवढं विचारायचं असतं. मीही विचारणारच होतो. पण स्वयंपाकघरातल्या फडताळात डब्यांखाली वर्तमानपत्रं अंथरलेली दिसली. त्या घरात जुन्या कागदावरच नवा घालतात, खालचा काढत नाहीत (फार चांगली पद्धत, तुमच्याकडंही सुरू करा). एका पिवळ्या कोपऱ्यावर वाचलं, 'भर बाजारात दरोडा पडला.'

माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, आठवी आणि पुढं कागल एमआयडीसीतलं लेथ मशीन. पण जुन्या बातम्यांतलं 'पडणे' या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणी तपासलं नसेल (प्राध्यापक धरून). त्या बातमीदारांचं या एका क्रियापदावर सगळं भागायचं. पावसासारखा दरोडाही पडे, धाड पडे, गुळाचा भाव पडे, उमेदवार पडे, सभेत वादाची ठिणगी पडे आणि तीच सभा शेवटी शांततेत पारही पडे. कुणी काही केलं असं नाहीच, सगळं आपलं वरून येणार! आता बातमीदाराला नावं घ्यायची भीती होती, की त्याला जग खरंच तसं दिसत होतं, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलेलं नाही. तूरडाळीच्या डब्याखाली उत्तर असेल असं वाटलं.

नव्हतं. पण शेंगदाण्याखाली एक बातमी मिळाली, 'विहिरीत म्हैस पडली. गावावर शोककळा पडली.' एका म्हशीसाठी दोनदा! मग मला राहवेना. गुडघ्यावर बसून एकेक डबा हलवून बाजूला ठेवत गेलो. त्यांतले दोन रिकामे निघाले, त्याला माझा काय इलाज?

पाठीमागून तानूबाई म्हणाल्या, "पावणं, डबं हलवून बघताय व्हय? पोरगी हितं उपाशी मरंल वाटतंय?"

मी मान न वळवता म्हणालो, "थांबा की, अजून तळ बघायचाय."

त्यावर त्या तुमच्या मेव्हणीला म्हणाल्या, "वैनी, ह्यास्नी पत्र्याची पेटीबी उघडून दावू काय?" मेव्हणीनं मला सदऱ्याला धरून एस्टी स्टँडवर आणलं. तेव्हापासून वडगावचा फोन नाही. संघप्रिया माझं ताट वाढते, पण बोलत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अण्णासो

ता.क. : तेव्हा उद्याच वडगावला जाऊन सांगा, की अण्णासो डब्यांत बघत नव्हता, डब्यांखाली बघत होता. विश्वास बसणार नाही, तरी सांगा. स्थळ मोडलं तर पोर मला माफ करायची नाही, आणि तिचं बरोबरच असेल. (जमल्यास म्हशीच्या बातमीचा उरलेला तुकडा आणावा. तो ज्वारीच्या डब्याखाली गेलाय.)

ता.क. दुसरा : पाकीट डकवायच्या आत संघप्रियानं परस्पर प्रसेनजीतला फोन करून सगळं सांगितलं. तानूबाई खूप हसल्या म्हणे. "मग आमीबी येतो की रविवारी, तुमचं डबं हलवाय." तेव्हा वडगावला जाऊ नका, इकडं या. येताना दोन पोती आणा. एक तुमच्या शेतातल्या तांदळाचं, एक रिकामं. आमचे मोठे डबे सगळे माझ्या कात्रणांनी भरलेत, आणि तुमच्या मेव्हणीनं बंब पेटवायला घेतलाय.