डॉक्टरच्या आवाजातला फोन

मेघाताईले जय भीम,

माह्या हातून लय खराब काम झालं वं. फोन केला त आई तुह्या बाजूलेच बसून राहते, म्हणून लिहून राहिलो.

बाबाची गाठ कॅन्सरची निघाली. दवाखान्यात डॉक्टरनं मले वार्डाच्या बाहेर बोलावून सांगितलं. बाबाले सांगाची हिंमत झाली नाही. मंग खाली चहावाल्याचा फोन मागितला आन् डॉक्टरचा आवाज काढून बाबाले म्हटलं, "काका, साधी गाठ आहे, टेन्शन नका घेऊ."

बाबा म्हणे, "बरं साहेब."

वर गेलो त म्हणतात, "या डॉक्टरसाहेब, चहा नाही आणला?"

मले मान वर करता येईना, ताई.

मंग म्हणे, "मले सगळं सांग. किमोनं काय होते, केस जातीन का, सगळं. पण हळूहळू, आन् तुह्याच आवाजात."

मी सांगितलं. रडलो मीच.

बाबा दोन पोळ्या खातात, काळजी नको करू. आईचा गुडघा कसा आहे?

आईले ते रविवारी घरी येऊन स्वतःच्या तोंडानं सांगणार आहेत. तोवर तुह्या पाया पडतो, कोणालेच सांगू नको वं.

तुहा नालायक भाऊ,
संघपाल