मंद आचेवर

३ जानेवारी

चि. बारक्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझा ट्रकवाला परवा मांस देऊन गेला. डबा उघडला आणि आधी हसूच आलं. एवढं रानडुक्कर पाठवलंस, तर ते शिजवायची ताकदही सोबत बांधून द्यायचीस. दिवसभर लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते. घरी आलं की पाठ टेकण्यापलीकडे काही सुचत नाही.

तुझ्या भाऊजींचं काय सांगू? कारखान्यात भट्टीवरचा जोडीदार डोळ्यांदेखत भाजून गेला, त्याला वर्ष होत आलं, तेव्हापासून ते घरीच असतात. अजूनही मी गॅस पेटवला की ते उठून आतल्या खोलीत जातात. म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि झटपट होईल तेवढंच करते. बोलणं म्हणशील, तर हो आणि नाही.

मांस फ्रीझरमध्ये कोंबलंय. शेजारणीला देऊन टाकू का? रागावू नकोस. तिकडे डोंगरात थंडीत जप, आणि थकल्या बहिणीवर माया असू दे.

तुझी,
ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न.

शेजारणीला दिलंस, तर पुढच्या खेपेला डुक्कर जिवंतच पाठवीन! पिकं नासवतात म्हणून शिकारीची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे आमच्या रस्त्याच्या कामावरच्या मुदपाकखान्यात वाटा आला. त्यातला चांगला तुकडा तुला काढून ठेवला होता.

एकच पातेलं लागतं. आदल्या दिवशी मांस व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेव, उग्र वास जातो. मग कोरडं करून तेलात लालसर परत. कांदे, लसूण, मिरी घाल आणि बुडेल एवढं पाणी. रानातलं जनावर धावून धावून चिवट झालेलं असतं, मोठ्या आचेवर आणखीच आखडतं. गॅस अगदी बारीक ठेवून दुपारभर शिजू दे. गाजरं, बटाटे शेवटी, नाहीतर लगदा होईल. पाणी आटत नाही ना, एवढं मात्र कुणीतरी बघायला हवं.

कुणीतरी म्हणजे कोण, ते तुला कळलं असेल. चिडशील, ठाऊक आहे. पण तू एकटी किती ओढणार? एकदा विचारून बघ. भाऊजी नाही म्हणाले, तर गॅस बंद कर आणि झोप.

आगाऊपणा पोटात घाल.

तुझा,
बारक्या

१८ जानेवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

अक्षर बघून दचकशील. तुझी ताई झोपली आहे, म्हणून मी लिहितोय.

आज तिला सुट्टी होती. पातेलं चढवलं आणि लॉन्ड्रीतून निरोप आला, दोघीजणी आजारी आहेत, ताबडतोब ये. ती गॅस बंद करायला वळली. मी म्हणालो, राहू दे. चपला घालताना तिने भिंतीला हात टेकलेला पाहिला, म्हणून बहुधा. तिने मला बटाट्यांचं दोनदा समजावलं आणि गेली.

आधी मी दारातूनच बघत होतो. झाकण थडथडायला लागलं तसा घाम फुटला. पण पाणी आटत होतं, आत जावंच लागलं. लांबूनच ओतलं, अर्धं पाणी ओट्यावर. एकदा तर गॅस विझवूनच टाकला आणि काडी हातात धरून नुसता उभा राहिलो. मग जोडीदाराचं नाव मोठ्याने घेतलं. वर्षभरात पहिल्यांदाच. पोटभर रडलो, काडी ओढली आणि गाजरं चिरायला बसलो.

बटाटे लवकर पडले, त्यांचा लगदा झाला. मांस मात्र मऊसूत. तुझी ताई परतल्यावर म्हणाली, जिन्यातच वास आला. पहिल्या घासाला मीठ कमी म्हणाली, दुसऱ्या घासाला बसल्या जागी झोपली. चमचा काढून घेताना तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीचे चटके, काही जुने, काही ताजे. मी आगीला भिऊन दार लावून बसलो होतो आणि ही रोज भाजून येत होती. एका शब्दाने बोलली नाही रे.

उद्या सकाळी लॉन्ड्रीत जाऊन सांगणार आहे, ती दोन दिवस येणार नाही. वर्षभरात जिना उतरलेलो नाही. तरी जाईन. त्यांना बॉयलरवर माणूस हवाय म्हणे. ते काम मागायचं धाडस होईल की नाही, आत्ता सांगता येत नाही.

आमच्यावर लोभ ठेव, आणि जमल्यास भेटून जा.

तुझा,
भाऊजी